पडला तर उचलता येतं

माझा धंदा सांगितला की समोरच्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर जातो. मी लोकांच्या छातीत बसवलेली मशिनं तपासतो. बसवत नाही, बसवतात ते डॉक्टर. त्यांना पेढे मिळतात, मला तक्रारी मिळतात.

काम तसं बिनबोभाट. एक बॅग, तिच्यात लॅपटॉपसारखं दिसणारं यंत्र, आणि त्याला वायरनं जोडलेला पुरीएवढा चपटा गोळा. हा गोळा पेशंटच्या छातीवर धरला की आतलं मशीन बोलायला लागतं. बॅटरी किती उरली, वायर शाबूत आहे का, मागच्या तपासणीपासून हृदयानं काय काय उद्योग केले, सगळं सांगतं. माणसानं बायकोपासून लपवलेलंही सांगतं. बुलडाण्याला एका दवाखान्यात मला खोली दिली आहे, बाकीचे दिवस खामगाव, मलकापूर, मेहकर अशी फिरती. पेशंट मला 'बॅटरीवाले काका' म्हणतात. एका आजींनी तर मला घरचा इन्व्हर्टर बघायला बोलावलं होतं. मी गेलो, उघडला, पुन्हा लावला आणि चहा पिऊन परत आलो. इन्व्हर्टर तसाच बंद.

मशिनं मुख्यतः दोन जातींची. पहिलं पेसमेकर. हृदय फार संथ झालं की हे त्याला हलकेच टोचतं, डुलक्या घेणाऱ्या ड्रायव्हरला शेजारचा क्लीनर टोचतो तसं. दुसरं झटक्याचं मशीन. काही लोकांचं हृदय अचानक बेफाम होतं, इतकं की रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. अशा वेळी हाताशी मोजकीच मिनिटं असतात. हे मशीन वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि तो प्रसंग आला की आतूनच विजेचा झटका मारून हृदय ताळ्यावर आणतं. झटका प्रेमळ नसतो. घोड्यानं छातीत लाथ मारल्यासारखं वाटतं, असं सगळे सांगतात. ज्यांनी आयुष्यात घोडा फक्त वरातीत पाहिला, तेही हेच सांगतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सोनाळ्याच्या एका आजोबांना पेसमेकर बसवल्यावर पहिल्याच तपासणीला आजी तणतणत आल्या. "साहेब, हे मशीन बसोल्यापासून हे लयच भांडून राह्यले. जराक कमी करा नं." मी तपासलं. मशीन चोख होतं. आधी दम लागायचा म्हणून भांडण अर्ध्यात सुटायचं, आता तडीस जात होतं. दुसरे एक निवृत्त मास्तर. मुलीचं लग्न काढलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लग्नापुरतं वाढवून द्या ना थोडं. कार्य उरकलं की पुन्हा होतं तेवढ्यावर आणा." मी नाही म्हटलं, तर मला निमंत्रणच दिलं नाही.

आता जमीलकडे येतो. या अंकासाठी काहीतरी लिहितोय म्हटल्यावर तोच म्हणाला, "माझं लिहा. फोटो नका टाकू."

जमील धामणगाव बढ्याचा. लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचं दुकान. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, गावाला आवाज जमीलचा. आणि दुसरी ओळख म्हणजे शूटिंगबॉल. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना व्हॉलीबॉलसारखा वाटेल, पण चेंडू पंज्यानं नाही, मूठ वळून मारायचा. मागून जो दणका घालतो तो शूटर. आमच्या भागात चांगल्या शूटरला आमदारापेक्षा जास्त लोक ओळखतात आणि कमी शिव्या देतात. जमील असा शूटर होता.

तो एकदा खेळ सुटल्यावर मैदानाच्या कडेलाच बेशुद्ध पडला. नशिबानं आपणच शुद्धीवर आला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची बांधणी झकास आहे, पण आतल्या विजेत जन्मजात दोष आहे. झटक्याचं मशीन बसवलं, डाव्या खांद्याखाली. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो खेळायचं कधी, हा.

पूर्वी असं विचारणाऱ्याला डॉक्टर दारच दाखवायचे. आता तसं नाही. डॉक्टर त्याच्याशी दोन-तीनदा बोलले. कबड्डी नाही, कुस्ती नाही, छातीवर मार बसेल असं काही नाही. शूटिंगबॉलला जोखीम आहे, ती समजून घेऊन खेळायचं असेल तर खेळ. पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही, अंगात ताप असताना उतरायचं नाही, आणि संघातल्या एकाला तरी छाती दाबून श्वास द्यायची पद्धत आली पाहिजे. ती पद्धत संघाचा कॅप्टन गणेश शिकून आला. गणेश शेतकरी माणूस. शिकल्यावर महिनाभर जो भेटेल त्याला आडवं पाडून दाखवत होता.

मी माझ्या बाजूनं एक गोष्ट बजावली. स्पीकरच्या मागे मोठं लोहचुंबक असतं. ते छातीजवळ आलं तर मशीन झटका मारायचं थांबतं. चुंबक लांब गेलं की पुन्हा कामाला लागतं, पण तेवढा वेळ आत राखण नाही. म्हणून स्पीकर टेबलावर ठेवून हात लांब करून काम करायचं, पोटाशी घ्यायचा नाही. हे सांगणं माझं कामच होतं. जमीलनं नीट ऐकून घेतलं. फारच नीट ऐकून घेतलं, हे मला नंतर कळलं.

मोताळ्याकडच्या एका स्पर्धेत त्याला पहिला झटका बसला. चुरशीचा सामना, ऊन, हृदय धावत होतं. धावणारच. पण मशीनला वाटलं की हे बिघडलं, आणि त्यानं हाणला. जमील पूर्ण शुद्धीत होता. ओरडून आडवा झाला. लोकांना वाटलं मैदानात करंट उतरला. कोणीतरी धावत जाऊन जनरेटर बंद केला, दुसऱ्यानं फिट समजून त्याच्या नाकाला चप्पल लावली. सावध माणसाला चप्पल हुंगवली! समोरच्या संघातला कोणी त्याला हात लावेना. वर त्या दिवसापासून पोरं त्याला 'करंट' म्हणायला लागली. तो सर्व्हिसला आला की बाहेरून आवाज, "ए करंट, मेन स्विच बंद कर बे!"

डॉक्टरांनी किती वेगाला झटका मारायचा ही मशीनची मर्यादा वाढवून घेतली, गोळी बदलली, त्याला दवाखान्याच्या जिन्यावर वरखाली पळवून पाहिलं. मशीन गप्प. डॉक्टर म्हणाले, "आता सहसा चुकून मारणार नाही."

या 'सहसा'वर आमचा सगळा धंदा उभा आहे. डॉक्टर प्रामाणिक असला की तो शब्द वापरतोच, आणि पेशंटला तेवढाच ऐकू येतो.

पुढच्या मोसमात अंतिम सामना धामणगावलाच होता. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, म्हणजे शाल, नारळ आणि कडक उन्हात खुर्ची. जमील मांडवाच्या दारातच भेटला. "काका!" म्हणत घट्ट गळाभेट घेतली. माझ्या शर्टाच्या खिशात चष्म्याची पत्र्याची डबी असते. गळाभेट संपली, मी मागे सरलो. डबी सरली नाही. माझ्या खिशातून निघून ती जमीलच्या छातीला चिकटून राहिली, जर्सीवर, डाव्या खांद्याखाली.

आम्ही दोघंही डबीकडे बघत उभे राहिलो.

"जमील," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"डबी हाय तुमची."

मी त्याला दंडाला धरून मांडवामागे नेलं. जर्सी वर करायला लावली. बनियनच्या आत चिकटपट्टीनं नीट चिकटवलेलं स्पीकरचं चुंबक. पट्ट्या कशा आडव्या-उभ्या, कोपरे दाबलेले. दुकानातलं काम इतकं सुबक करत नव्हता हा माणूस.

"काढ."

"नाही काढत, काका."

"अरे, तू मशीनच बंद केलंयस! आज आत गडबड झाली तर कोण वाचवील तुला? मी? मी बॅटरीवाला!"

"सामन्यापुरतंच हाये. खेळ झाला का काढतो." मग तो एकदम चिडला. "तुमाले काय जाते सांगाले! माह्या गावात खेळून राह्यलो मी आज. माही बायको आली, लेकरं आले. त्यायच्यासमोर पडू काय बोंबलत? पुन्हा चप्पल हुंगू?"

"डॉक्टरांनी दुरुस्त केलंय ना ते."

"सहसा," जमील म्हणाला.

मी आवाज चढवला. "नाही काढलंस तर मी आत्ता माइकवरून सगळ्या गावाला सांगतो!"

"सांगा," तो म्हणाला. "माइक माहाच हाये."

आता घ्या! खरं सांगतो, मी घाबरलो होतो. माझ्यासमोर एक धडधाकट माणूस उभा होता, दहा मिनिटांत तो उन्हात धावायला उतरणार होता, आणि त्याचं हृदय कधी दगा देईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी गणेशला हाक मारली.

गणेशला मशीनमधलं फार कळत नाही. त्यानं चुंबक पाहिलं, जमीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळला. "काका, हे लावलेलं राह्यलं तं काय होते?"

"हृदय बिघडलं तर मरतो."

"अन् काढलं तं?"

"एखाद वेळेस झटका बसेल. पडेल."

गणेशनं थोडा विचार केला. "पाय जमील, पडला तं आमी उचलतो तुले. मेला तं भी आमालेच उचला लागन. पयलं सोपं हाये." आणि त्यानं संघातल्या पोरांना ओरडून सांगितलं, "बसा रे खाली! हा चुंबक काढत नाही तोवर कोणी उतरायचं नाही. देऊन टाकू सामना."

पोरं खरंच बसली. अंतिम सामना, घरचं मैदान, आणि ही पोरं बूट काढायला लागली. कोणी 'काऊन' म्हणूनही विचारलं नाही.

जमीलनं पट्टी ओढून काढली. पट्टीबरोबर छातीचे केसही आले, तेव्हा जी शिवी निघाली ती मला होती की गणेशला, हे मी विचारलं नाही. चुंबक त्यानं माझ्या हातावर आपटलं आणि मैदानात गेला.

सामना मी पाहिला नाही. म्हणजे समोरच बसलो होतो, पण चेंडू कुठे होता विचाराल तर सांगता येणार नाही. मी जमीलची छाती पाहत होतो. शेजारचे सरपंच मला गुण समजावून सांगत होते आणि मी हो हो करत होतो. झटका बसला नाही. जमील पडला नाही. काहीही झालं नाही, आणि धामणगाव हरलं.

"तुमच्यामुळे हारलो," जमील मला म्हणाला. "दरेक फटक्याले वाटे, आता मारते, मंग मारते." ते खरं होतं. हात अर्ध्यात आखडत होता, हे मलाही दिसलं होतं. आमच्या धंद्याची गोम ही अशी आहे. सगळं बरोबर झालं की काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही तर आमची गरज काय होती हे कोणाला पटवायचं कसं?

ते चुंबक मी परत दिलं नाही. पण त्याच्या दुकानात खोकंभर चुंबकं, मी किती राखणार? राखलं गणेशनं. त्यानं स्वतःच रीत पाडली. दर सामन्याआधी ट्रॅक्टरच्या किल्ल्यांचा जुडगा शर्टाच्या खिशात टाकून तो जमीलला कडकडून भेटायचा. किल्ल्या जागेवर राहिल्या तर खेळ. एकदा चिकटल्या. तो सामना जमीलनं फळ्याजवळ बसून गुण लिहिण्यात काढला आणि गणेशशी आठवडाभर बोलला नाही. पुढे बाकीचे संघ बघून बघून भेटायला लागले. आता त्या पट्ट्यात सामन्याआधी दोन्ही संघ एकमेकांना छातीशी धरतात. पाहुणे भाषणात खिलाडूवृत्तीचं कौतुक करतात. मी व्यासपीठावर असलो की शालीची घडी नीट करत बसतो.

गेल्या मोसमात दुसरबीडला स्पर्धा होती. मी गेलो नव्हतो. दुपारी गणेशचा फोन आला.

"काका, जमील पडला."

पलीकडून नुसता गलका ऐकू येत होता.

"गणेश! अरे बोल ना पुढं!"

"उठला."

"गधड्या, आधी उठला म्हणून सांग, मग पडला म्हणून सांग! चुंबक होतं का?"

"नव्हतं. मीच भेटलो व्हतो त्याले."

या वेळी जमील ओरडला नव्हता. मूठ वळलेल्या अवस्थेतच, डोळे फिरवून, गोणी कोसळावी तसा पडला होता. गणेश गुडघ्यावर बसून छातीवर हात ठेवतो न ठेवतो तोच त्याचं अंग जोरात उडालं, आणि थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडून विचारलं, "चेंडू आत पडला काय?" चेंडू बाहेर गेला होता. पंचांनी गुण समोरच्यांना दिला. आमच्याकडे पंचाच्या निकालावर भांडण झालं नाही असा हा एवढाच सामना.

जवळच्या दवाखान्यात रात्रभर देखरेखीखाली ठेवून, डॉक्टरांशी फोनवर बोलून, दुसऱ्या दिवशी त्याला माझ्याकडे तपासणीला आणलं. सोबत त्याचे अब्बा होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. काटक म्हातारा, टोपी, हातात काठी. दारापाशी खुर्ची ओढून गुपचूप बसले.

मी गोळा जमीलच्या छातीवर धरला. पडद्यावर कालची दुपार उमटली. असं काही दिसलं की मी पेशंटला दाखवतो, घाबरला तरी दाखवतो.

"हे बघ. हा तू खेळतोयस. वेगानं, पण शिस्तीत. आणि इथून पुढं ही गिचमिड."

"गिचमिड म्हंजे मी?"

"गिचमिड म्हणजे तू गेलेला. रक्त कुठंच जात नव्हतं. ही उंच रेघ दिसते? हा झटका. आणि हा तू परत आलास."

जमीलनं त्या उंच रेघेवर बोट ठेवलं. काल चुंबक असतं तर काय, हे त्यानं विचारलं नाही, मीही बोललो नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "काका, असं पाण्यात पोहताना होऊ शकते काय?"

"होऊ शकतं. का रे?"

"माहा मोठा भाऊ. रशीद. इहिरीत बुडाला. मी लहान व्हतो."

"हे डॉक्टरांना सांगितलं नाहीस? त्यांनी विचारलं असणार, घरात कोणी अचानक गेलं का म्हणून."

"थ्यो बुडाला नं. अचानक गेला असं कोणी म्हनलंच नाही कधी. पन थ्यो मासोळीवानी पोहे, काका. साऱ्या गावात त्याच्यावानी कोणी नव्हतं. बुडाला कसा, हे आजपर्यंत समजलं नाही आमाले."

मी म्हटलं, हे आजच्या आज डॉक्टरांना कळवतो, तुझ्या लेकरांचीही तपासणी करून घ्यायला लागेल. जमीलनं मान हलवली. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. दारापाशी बसलेले अब्बा उठून उभे राहिले होते.

"मीच पाठवलं व्हतं त्याले," ते म्हणाले. "बादली पडली व्हती इहिरीत. थ्यो जेवत व्हता. मी म्हनलं, ऊठ, काढून आण."

मी डॉक्टर नाही, आणि इतक्या वर्षांनी डॉक्टरालाही हे छातीठोक सांगता आलं नसतं. म्हणून मी जेवढं खरं होतं तेवढंच बोललो. "चाचा, नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण पट्टीचा पोहणारा होता. हा दोष त्याच्यातही असेल तर हृदय आधी थांबलं असेल, पाणी नंतर. विहिरीत नाही तर दुसरीकडे कुठंतरी झालं असतं. तुम्ही पाठवलं म्हणून नाही."

"त्याले तकलीफ झाली असन?"

"नाही. असं असेल तर त्याला समजलंही नसेल." जमीलकडे बोट दाखवून मी म्हटलं, "याला विचारा. याला काल काही समजलं?"

जमीलनं मान हलवून नाही म्हटलं. तो रडत होता. माझेही डोळे भरून आले, त्याची मला लाज वाटत नाही.

अब्बांनी काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "याच्या मायनं," ते म्हणाले, "इतके वर्सं झाले, मले एकडाव भी इचारलं नाही, का जेवत्या पोराले काऊन उठोलं. एक शबद नाही. मी रोज वाट पाह्यतो, आज इचारते, उद्या इचारते." मग त्यांनी काठी उचलली. "चाल जमील. घरी चाल. तिनं इचाराच्या आंधी सांगतो तिले."